चुकून डिलीट झालेल्या फाइली परत मिळवताना: कोणते काम आधी, कोणते नंतर

फाइल डिलीट झाल्याचे लक्षात येताच बहुतेक जण इंटरनेटवर रिकव्हरी सॉफ्टवेअर शोधतात, ते डाउनलोड करतात आणि ज्या ड्राइव्हवरची फाइल गेली आहे त्याच ड्राइव्हवर इन्स्टॉल करून मोकळे होतात. सहज वाचू शकली असती अशी फाइल अनेकदा याच घाईत कायमची जाते. कोणते सॉफ्टवेअर चांगले, हा प्रश्न खरे तर बराच नंतरचा आहे. फाइल गेल्यापासून डिस्कवर काय काय लिहिले गेले, डिस्क कोणत्या प्रकारची आहे आणि कामे कोणत्या क्रमाने केली, यांवर यश अधिक अवलंबून असते. म्हणून हा लेखही त्याच क्रमाने लिहिला आहे.

डिलीट होते म्हणजे नेमके काय होते

विंडोज ज्या एनटीएफएस पद्धतीने डिस्कवर फाइली मांडते, तिच्यात प्रत्येक फाइलची नोंद मास्टर फाइल टेबल नावाच्या यादीत असते. ही नोंद साधारणपणे १०२४ बाइटची असते आणि तिच्यात फाइलचे नाव, तारखा, आकार आणि मजकूर डिस्कच्या कोणकोणत्या भागांत ठेवला आहे त्याचा ठावठिकाणा असतो. फाइल डिलीट झाली तरी ही नोंद लगेच पुसली जात नाही. 'वापरात नाही' एवढी खूण तिच्यावर पडते आणि मजकुराने व्यापलेली जागा मोकळी धरली जाते. मजकूर तिथेच असतो. फक्त त्याच्यावर दुसरे काहीही लिहिण्याची आता मुभा असते. काहीशे बाइटची अगदी लहान फाइल तर त्या नोंदीतच सामावलेली असते, त्यामुळे ती नोंद पुन्हा वापरात आली की नावासकट मजकूरही जातो.

पेनड्राइव्ह आणि लहान मेमरी कार्डांवर चालणाऱ्या फॅट३२ पद्धतीत नुकसान थोडे अधिक होते. तिथे नोंदीतील पहिल्या अक्षराच्या जागी एक विशिष्ट चिन्ह पडते आणि फाइलचे तुकडे कोणत्या क्रमाने जोडायचे ते सांगणारी साखळी शून्य होते. फाइलची सुरुवात कुठे होती हे कळते, पण पुढचे तुकडे कुठे आहेत हे कळत नाही. म्हणून एकसलग ठेवलेली फाइल पूर्ण परत येते आणि विखुरलेली अर्धवट. लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीत डिलीट करताना मजकुराचे पत्तेच नोंदीतून काढून टाकले जातात, त्यामुळे तिथे नावासकट फाइल परत मिळवणे सर्वांत अवघड पडते.

आधी लिहिणे थांबवा

संगणक नुसता चालू असला तरी तो डिस्कवर सतत काही ना काही लिहीत असतो: ब्राउझरची तात्पुरती साठवण, अपडेट, अँटिव्हायरसच्या नोंदी, पेजफाइल. ज्या ड्राइव्हवर ऑपरेटिंग सिस्टिम आहे त्याच ड्राइव्हवरची फाइल गेली असेल, तर प्रत्येक मिनिटाला धोका वाढतो. अशा वेळी उघडे कार्यक्रम बंद करून संगणक सरळ शटडाउन करावा. स्लीप किंवा हायबरनेटवर ठेवू नये. पुढचे काम दुसऱ्या संगणकावरून, किंवा पेनड्राइव्हवरून सुरू होणाऱ्या लिनक्सवरून करावे. मात्र पुढच्या विभागात सांगितलेली रीसायकल बिनसारखी ठिकाणे पाहणे मिनिटभराचे काम असते. तेवढे आधी पाहूनच संगणक बंद केला तरी हरकत नाही.

पेनड्राइव्ह, कॅमेऱ्याचे कार्ड किंवा बाहेरून जोडायची हार्ड डिस्क असेल तर काम सोपे आहे. ती सुरक्षितपणे काढून बाजूला ठेवावी. कॅमेऱ्यात कार्ड तसेच ठेवून आणखी फोटो काढणे ही हमखास होणारी चूक आहे. पूर्ण आकाराच्या एसडी कार्डाच्या कडेला एक छोटी सरकपट्टी असते, ती 'लॉक' बाजूला सरकवावी. हे कुलूप कार्ड स्वतः पाळत नाही, कार्ड रीडरने ते पाळायचे असते. त्यामुळे त्यावर पूर्ण विसंबू नये, पण ते लावण्यात तोटाही नाही.

दोन गोष्टी या टप्प्यावर कटाक्षाने टाळाव्यात. ड्राइव्ह जोडताच 'आधी फॉरमॅट करा' किंवा 'ड्राइव्हमध्ये दोष आहे, दुरुस्त करू का' असे विंडोज विचारते, तेव्हा नकार द्यावा. आणि कोणी सांगितले म्हणून चेकडिस्क हे विंडोजचे दुरुस्तीचे साधन चालवू नये. चेकडिस्कचे काम फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची व्यवस्था, सुसंगत करण्याचे आहे, तुमचा मजकूर वाचवण्याचे नाही. ती सुसंगती साधताना उरलेसुरले दुवे ती निःसंकोचपणे तोडते.

सॉफ्टवेअरला हात लावण्यापूर्वी

'डिलीट झाली' असे वाटणारी फाइल कित्येकदा डिलीट झालेलीच नसते. माउस ओढताना ती शेजारच्या फोल्डरमध्ये जाऊन पडलेली असते. फाइल एक्सप्लोररमध्ये नुकतीच कृती केली असेल, तर त्याच खिडकीत कंट्रोल आणि झेड दाबून पाहावे. हलवलेली फाइल मूळ जागी येते आणि रीसायकल बिनमध्ये गेलेलीही परत येते. पेनड्राइव्हवर सगळ्या फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसत असतील, पण भरलेली जागा मात्र पूर्वीइतकीच दाखवली जात असेल, तर तो बहुधा फाइली लपवणाऱ्या व्हायरसचा खेळ असतो. त्या शॉर्टकटांवर क्लिक न करता व्ह्यू मेनूतून लपवलेल्या फाइली दाखवण्याची सोय चालू करावी, तसेच फोल्डर ऑप्शन्समध्ये संरक्षित सिस्टिम फाइली लपवण्याची खूण काढावी. फोल्डर जिथल्या तिथे दिसू लागतात.

त्यानंतर रीसायकल बिन. ते उघडून 'डिलीट झाल्याची तारीख' या रकान्याने क्रम लावावा, हवी ती फाइल निवडून रिस्टोअर म्हणावे. रीसायकल बिनला वळसा घालून जाणाऱ्या वाटाही माहीत असाव्यात. शिफ्ट धरून डिलीट केलेली, नेटवर्कवरील सामायिक फोल्डरमधून काढलेली, पेनड्राइव्हवरून काढलेली आणि बिनला नेमून दिलेल्या जागेपेक्षा मोठी, अशी कोणतीही फाइल तिथे सापडत नाही. बाहेरून जोडलेल्या हार्ड डिस्कला मात्र स्वतःचे रीसायकल बिन असते, म्हणून ती जोडूनच बिन उघडावे. मॅकवर पेनड्राइव्हमधून काढलेली फाइलही ट्रॅशमध्ये जाते आणि प्रत्यक्षात त्या पेनड्राइव्हवरच एका लपलेल्या फोल्डरमध्ये राहते. तो पेनड्राइव्ह पुन्हा मॅकला जोडला की ती ट्रॅशमध्ये दिसते. लिनक्सवर टर्मिनलमधून काढलेली फाइल कचरापेटीत जात नाही. मात्र एखाद्या चालू कार्यक्रमाने ती अजून उघडी धरली असेल, तर तो कार्यक्रम बंद न करता 'प्रॉक' फोल्डरमधल्या त्याच्या नोंदीतून तिची पूर्ण प्रत काढता येते.

फोल्डर वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सशी जोडलेले असेल तर त्या सेवेच्या संकेतस्थळावरची कचरापेटी पाहावी. संगणकावरचे बिन रिकामे केले असले तरी ही पेटी वेगळी असते. गूगल ड्राइव्हमध्ये आणि वैयक्तिक वनड्राइव्हमध्ये फाइल ३० दिवस राहते. कार्यालयाच्या किंवा शाळेच्या वनड्राइव्ह खात्यात मूळ मुदत ९३ दिवसांची असते. आयक्लाउड ड्राइव्हमध्येही ३० दिवस मिळतात. विंडोजच्या डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स या फोल्डरांचा बॅकअप वनड्राइव्हवर चालू आहे हे अनेकांना ठाऊकच नसते, म्हणून 'आपण क्लाउड वापरत नाही' असे वाटत असले तरी एकदा तिथे डोकवावे.

विंडोजमध्ये 'आधीच्या आवृत्त्या' पाहण्याचीही सोय आहे. फाइल गेलेली असल्याने तिच्यावर उजवे क्लिक करता येत नाही. ज्या फोल्डरमध्ये ती होती त्याच्यावर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीजमधील प्रीव्हियस व्हर्जन्स हा टॅब उघडावा. फाइल हिस्टरी किंवा सिस्टिम प्रोटेक्शन पूर्वी चालू असेल तरच इथे काही दिसते. दिसले तर संपूर्ण फोल्डर रिस्टोअर न करता ती जुनी आवृत्ती उघडून फक्त हवी ती फाइल दुसरीकडे कॉपी करावी, नाहीतर फोल्डरमधल्या इतर फाइलींवरचे ताजे काम मागे जाते. सिस्टिम रिस्टोअरने वैयक्तिक फाइली परत येतील अशी आशा मात्र धरू नये, ती सोय त्यासाठी नाही. मॅकवर टाइम मशीन लावलेले असेल, तर बॅकअपची डिस्क जोडलेली नसतानाही गेल्या २४ तासांतील तासातासाच्या प्रती संगणकातच असू शकतात.

जतन न करताच बंद केलेल्या वर्डच्या दस्तऐवजासाठी फाइल मेनूतील इन्फो, मग मॅनेज डॉक्युमेंट, मग रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स हा मार्ग आहे. ऑटोरिकव्हर दर १० मिनिटांनी तात्पुरती प्रत काढते, त्यामुळे शेवटची काही मिनिटे वगळता बाकीचा मजकूर मिळण्याची शक्यता असते. जुन्या फाइलवर चुकून नवे काही सेव्ह झाले असेल, तर तिथे रिकव्हरी सॉफ्टवेअरकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. त्यावर उपाय आधीच्या आवृत्त्यांचाच. आणि एक साधी जागा विसरली जाते: ती फाइल कधी कोणाला ईमेलने किंवा व्हॉट्सअॅपवर पाठवली होती का? पाठवलेल्या मेलमधली प्रत चार दिवसांपूर्वीची असली, तरी ती शाबूत असते.

साठवण कोणत्या प्रकारची आहे

इथवर काहीच हाती लागले नाही तर एक प्रश्न विचारावा, कारण पुढची सगळी आशा त्याच्या उत्तरावर आहे: फाइल फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कवर होती की एसएसडीवर?

एसएसडीतील चिपांवर जुन्या मजकुराच्या जागी थेट नवा मजकूर लिहिता येत नाही. आधी मोठा भाग एकत्र पुसावा लागतो. हे काम आगाऊ करता यावे म्हणून, कोणती जागा मोकळी झाली ते ऑपरेटिंग सिस्टिम डिस्कला ट्रिम नावाच्या आज्ञेने कळवते. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, विंडोजमध्ये ही सोय आहे. फाइल डिलीट झाली किंवा बिन रिकामे केले की ट्रिम पाठोपाठ जाते आणि त्यानंतर ती जागा वाचायला गेल्यास डिस्क बहुधा नुसती शून्ये परत देते. पुष्कळ लिनक्स प्रणालींत ट्रिम आठवड्यातून एकदा चालते, त्यामुळे तिथे काही दिवसांची सवड मिळू शकते. विंडोजच्या संगणकातील अंगभूत एसएसडीवरून शिफ्ट-डिलीट केलेली फाइल सॉफ्टवेअरने परत मिळण्याची शक्यता फारच थोडी असते, आणि हे आधीच मान्य केलेले बरे. अशा वेळी पैसे भरून सॉफ्टवेअर घेण्यापेक्षा क्लाउड, ईमेल आणि जुने बॅकअप पुन्हा एकदा बारकाईने धुंडाळण्यात वेळ घालवावा.

फिरत्या तबकड्यांच्या डिस्कांवर शक्यता चांगली असते, पण तिथेही काही नव्या हार्ड डिस्का ट्रिम स्वीकारतात हे लक्षात असू द्यावे. पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डांवर ट्रिमचा प्रश्न सहसा येत नाही. त्यामुळे कॅमेऱ्याच्या कार्डावरून डिलीट झालेले फोटो परत मिळवणे हे या सगळ्या प्रकारांतले सर्वांत आशादायक काम आहे. विंडोजच्या बिटलॉकरने किंवा मॅकच्या फाइलव्हॉल्टने कुलूपबंद केलेल्या डिस्कसाठी मात्र पासवर्ड किंवा रिकव्हरी की हाताशी हवीच. तिच्याशिवाय शोधातून निघालेला मजकूर निरर्थक आकड्यांचा असतो.

आधी इमेज, मग शोध

फाइल खरोखर मोलाची असेल तर मूळ डिस्कवर शोध चालवण्याऐवजी तिची शब्दशः, मोकळ्या धरलेल्या जागेसकट प्रत, म्हणजे इमेज, काढून त्या प्रतीवर काम करावे. नेहमीच्या कॉपी-पेस्टने ही प्रत होत नाही, कारण त्यात फक्त दिसणाऱ्या फाइलीच येतात. लिनक्सवरचे जीएनयू डीडीरेस्क्यू हे मोफत साधन यासाठी उत्तम आहे. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलते, दुखावलेल्या जागांकडे नंतर वळते आणि कुठवर मजल गेली याची नोंद एका मॅपफाइलमध्ये ठेवते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी काम तिथूनच पुढे चालू करता येते. पेनड्राइव्हवरून सुरू होणाऱ्या सिस्टिमरेस्क्यू या लिनक्स संचात ते तयारच मिळते.

इमेज काढताना स्रोत कोणता आणि लक्ष्य कोणते हे आकारावरून आणि डिस्कच्या नावावरून दोनदा पडताळावे; इथे अदलाबदल झाली तर रिकाम्या डिस्कची प्रत तुमच्या डिस्कवर लिहिली जाईल. लक्ष्य डिस्कवर स्रोताच्या पूर्ण क्षमतेएवढी मोकळी जागा हवी. ६४ जीबीच्या कार्डावर ५ जीबीचेच फोटो असले तरी इमेज ६४ जीबीची होते. लक्ष्य डिस्क फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तिच्यावर मावत नाही आणि काम अर्ध्यात थांबते. म्हणून ती एनटीएफएस किंवा एक्सफॅटमध्ये असावी.

प्रत्यक्ष शोध

शोधाच्या दोन तऱ्हा आहेत आणि कोणतेही सॉफ्टवेअर घेतले तरी आत याच दोन असतात. पहिली तऱ्हा 'वापरात नाही' अशी खूण पडलेल्या नोंदी वाचते. ती जलद असते आणि तिच्यात फाइलचे नाव, फोल्डर आणि तारीख मिळते. दुसरी नोंदींकडे पाहतच नाही. ती डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचते आणि फाइलप्रकारांची ओळखचिन्हे शोधते. पीडीएफच्या आरंभी टक्क्याचे चिन्ह आणि पीडीएफ ही अक्षरे असतात, जेपीईजी ठरावीक बाइटांनी सुरू होते, तर वर्डची आजची फाइल मुळात झिप असल्याने पी आणि के या रोमन अक्षरांनी सुरू होते. या तऱ्हेने फाइल मिळते, पण नाव मिळत नाही, आणि विखुरलेली फाइल नीट जुळत नाही. म्हणून आधी पहिली तऱ्हा वापरावी आणि तिने भागले नाही तरच दुसरीकडे वळावे.

विंडोजवर रेक्यूव्हा हे नवख्यांना सोपे पडते. त्याची इन्स्टॉल न करता चालणारी पोर्टेबल आवृत्ती दुसऱ्या संगणकावर डाउनलोड करून पेनड्राइव्हवरून चालवावी. मायक्रोसॉफ्टचे विंडोज फाइल रिकव्हरी हे विनामूल्य साधन विंडोज १० च्या २००४ क्रमांकाच्या (हे वर्ष नव्हे) आवृत्तीपासून पुढे चालते. ते कमांड लाइनवर लिहून वापरावे लागते आणि स्टोअरमधून इन्स्टॉल करावे लागते. त्यामुळे सी ड्राइव्हवरचीच फाइल गेली असेल तर त्याच संगणकावर ते घेणे मला पटत नाही. त्याच्या रेग्युलर आणि एक्स्टेन्सिव्ह या दोन पद्धती म्हणजे साधारणपणे वरच्या दोन तऱ्हा. नुकत्याच डिलीट झालेल्या एनटीएफएसवरील फाइलसाठी रेग्युलर पुरेशी आहे.

दुसऱ्या तऱ्हेसाठी फोटोरेक वापरावे. नावात फोटो असला तरी ते शेकडो प्रकारच्या फाइली ओळखते, मोफत आहे आणि मूळ डिस्कवर काहीही लिहीत नाही. ते सुरू करताना फाइलप्रकारांची यादी उघडून फक्त हवे ते प्रकार निवडावेत, नाहीतर ब्राउझरने साठवलेली हजारो चिमुकली चित्रे निवडत बसण्याची वेळ येते. मग 'फ्री' निवडले तर फक्त मोकळ्या जागेत शोध होतो, 'होल' निवडले तर डिस्कच्या संपूर्ण विभागात (पार्टिशनमध्ये). साधे डिलीट असेल तर 'फ्री', फाइल सिस्टिमच मोडली असेल तर 'होल'. मिळालेल्या फाइली कुठे ठेवायच्या असे विचारल्यावर ती जागा नेहमी दुसऱ्या डिस्कवरची द्यावी. हा नियम प्रत्येक सॉफ्टवेअरला लागू आहे आणि त्याला अपवाद नाही.

ड्राइव्ह क्विक फॉरमॅट झाला असेल तर घाबरून जाऊ नये. त्यात नोंदींची यादी नव्याने मांडली जाते, पण जुना मजकूर बराचसा तसाच राहतो. फुल फॉरमॅट मात्र विंडोज व्हिस्टापासून संपूर्ण विभागावर शून्ये लिहितो, त्यानंतर शोधण्यासारखे काही उरत नाही. संपूर्ण विभागच दिसेनासा झाला असेल तर फोटोरेकचे भावंड असलेले टेस्टडिस्क वापरावे. त्यात सापडलेल्या विभागातील फाइलींची यादी पाहता येते आणि त्या तिथूनच दुसऱ्या डिस्कवर कॉपी करता येतात. ते झाल्याशिवाय 'राइट'चा पर्याय निवडू नये.

मिळालेल्या फाइली तपासणे

सॉफ्टवेअरच्या यादीत हिरवा ठिपका किंवा 'उत्तम' असा शेरा दिसला की काम फत्ते झाले असे वाटते. त्या शेऱ्याचा अर्थ इतकाच असतो की फाइलची जागा नोंदींनुसार अजून दुसऱ्या कोणाला दिलेली नाही. तिथे मूळ मजकूर आहे की ट्रिमनंतरची शून्ये, हे सॉफ्टवेअर बहुधा पाहत नाही. त्यामुळे एसएसडीवर नाव बरोबर, आकार बरोबर, तारीख बरोबर आणि उघडायला जावे तर 'फाइल खराब आहे', असा अनुभव येतो. अशी फाइल हेक्स व्ह्यूअरमध्ये, म्हणजे फाइलमधले बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या साधनात, उघडून पाहावी: पहिल्या ओळीपासून नुसती शून्ये दिसली तर ती सोडून द्यावी, दुरुस्तीची कोणतीही सॉफ्टवेअरे तिच्यावर चालवू नयेत. सुरुवातीला ओळखचिन्ह दिसत असेल तर काहीतरी शिल्लक आहे. वर्डची फाइल असल्यास वर्डमध्येच 'ओपन अँड रिपेअर' हा पर्याय वापरावा.

फोटो केवळ लघुचित्र पाहून स्वीकारू नयेत. लघुचित्र बहुतेकदा फाइलच्या सुरुवातीलाच स्वतंत्रपणे साठवलेले असते, म्हणून ते नीट दिसते आणि प्रत्यक्ष फोटो उघडल्यावर वरचा अर्धा भाग ठीक, तर खालचा एकरंगी राखाडी निघतो. फाइल दोन तुकड्यांत होती आणि दुसरा तुकडा मिळाला नाही, असा त्याचा अर्थ. व्हिडिओ शेवटपर्यंत पुढे सरकवून पाहावा आणि झिप फाइल पूर्ण उलगडून पाहावी. मूळ कार्ड किंवा डिस्क ही तपासणी संपेपर्यंत पुन्हा वापरात आणू नये.

डिस्कमध्येच बिघाड असेल तर

डिस्कमधून ठरावीक अंतराने टकटक किंवा खरखर ऐकू येत असेल, ती मधूनच दिसेनाशी होत असेल किंवा जोडल्यावर संगणक गोठत असेल, तर वर सांगितलेले काहीही करू नये. वाचणारे हेड तबकडीला घासत असेल तर प्रत्येक वेळी वीज दिल्यावर नुकसान वाढत जाते. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवण्याचा सल्ला अजूनही फिरत असतो. त्याने तबकडीवर दव धरते. झाकण उघडून पाहू नये, कारण हे काम धूळरहित खोलीतच करावे लागते. अशी डिस्क सरळ डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेकडे न्यावी, आधी तपासणी आणि खर्चाचा अंदाज लेखी मागावा, आणि फाइल कशी गेली, त्यानंतर आपण काय काय करून पाहिले हे काहीही न लपवता सांगावे. फाइल हाती आली नाही तर किती पैसे द्यायचे, हेही तेव्हाच ठरवून घ्यावे.

काम संपल्यावर इमेज तशीच पडून राहू देऊ नये. तिच्यात त्या डिस्कवरून पूर्वी मुद्दाम काढून टाकलेली कागदपत्रे, फोटो आणि पासवर्डही असू शकतात. परत मिळालेल्या फाइली तपासून दोन वेगळ्या जागी ठेवल्यानंतर ती काढून टाकावी, आणि ती ठेवलेली डिस्क दुसऱ्या कोणाला द्यायची असेल तर आधी तिच्यावर फुल फॉरमॅट करावा.